भाऊसाहेबांची गाडी आणि वहिनींचा ओटा

सलीमभाईंच्या गॅरेजात दोन गोष्टी कधीच कमी होत नाहीत. एक म्हणजे कशाचा आहे ते कुणालाच आठवत नाही असा नट, आणि दुसरी म्हणजे किस्सा. जुनी गाडी नवी करायला इतका वेळ लागतो की गाडीच्या आधी किस्सेच तयार होऊन बाहेर पडतात. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासतो, राहतो बजाजनगरला. रविवारी पडेगावला सलीमभाईंकडं जाऊन बसतो. तिथं मला काहीही तपासावं लागत नाही, हेच त्यातलं सुख!

* * *

यातले बहुतेक किस्से एकाच गाडीचे आहेत.

शेजारच्या मिटमिटा गावचे भाऊसाहेब म्हणजे शेतीवाडीचा माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. लहानपणी एका कॅलेंडरवर त्यांनी लाल रंगाची अमेरिकन मसल कार बघितली होती. आठ सिलिंडरचं इंजिन, ट्रकची ताकद आणि दारं फक्त दोन. तशीच एक त्यांना हैदराबादकडच्या कुण्या जहागीरदाराच्या गोठ्यात सापडली. गॅरेजात आली तेव्हा इंजिन डिकीत होतं, डिकीचं झाकण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होतं आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत होती.

"किती दिवस लागतील?" भाऊसाहेबांनी विचारलं.

सलीमभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "जुम्मे कू लेके जाव."

भाऊसाहेबांची मुलगी तेव्हा तिसरीत होती. आता ती इंजिनिअरिंगला आहे. मध्ये एकदा भाऊसाहेब भडकले, "सलीमभाई, तुम्ही शुक्रवार म्हणला होतात!"

सलीमभाई स्पॅनर पुसत म्हणाले, "हौ. मगर कौनसा, ये मैं कब बोला?"

* * *

आता खर्चाचं.

भाऊसाहेबांच्या घरी स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा होता. काळा ग्रॅनाइट बघून ठेवला होता. तेवढ्यात गाडीचा रेडिएटर निघाला. मग क्लच निघाला. मग निघतच राहिलं. त्या घरात गाडीचा खर्च कधी रुपयांत सांगत नाहीत. वहिनी पाहुण्यांना घर दाखवतात ते असं:

"ह्या खिडकीच्या जाळ्या कार्बोरेटरमध्ये गेल्या. इथं गिझर बसणार होता, त्याचा गिअरबॉक्स झाला. अन् हा ओटा... हा सध्या पिस्टनखाली आहे!"

यंदा संक्रांतीचं वाण वाटून झालं आणि दुसऱ्याच दिवशी वहिनी थेट गॅरेजात आल्या. भाऊसाहेब आणि सलीमभाई, दोघांनाही समोर उभं केलं.

"पाडव्याला गाडी स्वतःच्या पायानं दारात आली पाहिजे. ढकलून नाय, ट्रॅक्टरला बांधून नाय. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. नाय आली तर गाडी जाईल, ओटा येईल!"

त्या गेल्यावर भाऊसाहेब टायरवर बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "सलीमभाई, ही भंगारात गेली तर मी जेवायचा नाय."

सलीमभाई म्हणाले, "खाना वैसे भी बनेगा कहाँ? ओटा कहाँ है?"

* * *

कामाला जोर आला. एका दाराला हँडलच नव्हतं. भाऊसाहेबांच्या भाच्यानं इंटरनेटवरून थेट अमेरिकेहून मागवलं. काय हवं त्याखाली नीट लिहिलं, 'ड्रायव्हरच्या बाजूचं.'

होळीच्या सुमारास पार्सल आलं. उघडलं तर हँडल डाव्या दाराचं! अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडं बसतो. आमच्या जहागीरदारानं मात्र स्टिअरिंग उजवीकडं करून घेतलेलं. डाव्या दाराला हँडल होतंच. आता डावी दोन झाली, उजवं एकही नाही. परत पाठवावं तर पाडवा तोंडावर.

"नक्को भेजो," सलीमभाई म्हणाले. "ड्रायव्हर उधर से चढेगा, इधर सरक के बैठेगा."

भाऊसाहेब आजही डावीकडून चढतात आणि नव्या सुनेसारखे सरकत सरकत उजवीकडं जातात.

* * *

रंगाचा किस्सा तर विचारूच नका!

गाडीला कॅलेंडरवरचाच लाल रंग मारला. पण गॅरेजच्या भिंतीला लागून आक्कांचं मिरची कांडप आहे आणि दिवस होते वर्षाचा मसाला कुटायचे. रंग ओला, वारा तिकडून इकडं. सकाळी बघतो तर अख्ख्या बॉनेटवर तिखटाचा बारीक थर चिकटून वाळलेला! सलीमभाईंनी पॉलिशपेपर घासायला घेतला, तर पहिल्या हातालाच आम्ही तिघं शिंकत रस्त्यावर. गाडी धुतली तर गाडीखाली झोपलेल्या कुत्र्यानं ते पाणी चाटलं आणि तडक दौलताबादच्या दिशेनं पळालं.

भाऊसाहेब आक्कांना जाब विचारायला गेले. आक्का आल्या, गाडीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"नशीब समजा भाऊ, ब्याडगी होती. रंग चढलाय बघा कसा! लवंगी असती तर नुसती आग झाली असती."

* * *

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सायलेन्सर बसवायचा राहिला होता. आवाजानं समोरच्या हॉटेलातला भजीवाला कढईपासून लांब पळाला. गर्दी जमली. त्यातल्या एकानं गाडीभोवती फिरून आपल्याकडचा पहिला प्रश्न विचारला, "अ‍ॅव्हरेज काय देती?"

सलीमभाई म्हणाले, "ये देती नहीं भाई, सिरफ लेती है!"

* * *

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी पूर्ण झाली. भाऊसाहेब डावीकडून चढले, सरकले, पहिला गिअर टाकला. गाडी मागं गेली. टायरच्या ढिगात शिरली.

"पैला डालो, पैला!" सलीमभाई ओरडले.

"पयलाच आहे!"

दुसरा टाकला. गाडी जास्त जोरात मागं गेली. तिसरा टाकायची हिंमत झाली नाही. शेवटी घाबरत रिव्हर्स टाकला, तर गाडी कण्हत कण्हत पुढं आली.

सलीमभाई गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पायच दिसत होते. मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल बसवताना पाटे टेकायच्या बैठकांचं वेल्डिंग खालच्याऐवजी वरच्या बाजूला झालं होतं. अख्खा अ‍ॅक्सल उलटा बसला, त्यामुळं चाकंही उलटी फिरत होती. सलीमभाई बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तीन रिव्हर्स गिअर की गाडी पूरे मराठवाड़े में किसी के पास नहीं!"

"दुरुस्तीला किती दिवस?"

"जुम्मे कू..."

"बास!"

सकाळी निघालो. पुढं नेणारा एकच गिअर, आणि त्यानं इंजिन लगेच उकळायला लागलं. गॅरेजच्या फाटकातच वाफ. वहिनींचा फोन आला, भंगारवाला टेम्पो घेऊन दारात उभा आहे. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "गाडी वळवा. तुमची वहिनी पायानं म्हणली होती. कोणत्या दिशेनं ते नाय म्हणली."

आम्ही दौलताबाद रस्त्यानं मिटमिट्याकडं उलटे निघालो. भाऊसाहेब मान वळवून गाडी चालवत होते. सलीमभाई खिडकीबाहेर अर्धे लोंबकळून "आन दो, आन दो!" करत होते. मी मागच्या सीटवर बसून आयुष्यात पहिल्यांदाच गाडीच्या सगळ्यात पुढं होतो. लेणी बघायला निघालेली एक बस व्हिडिओ काढायला थांबली. पुढं हवालदारानं हात केला.

"गाडी उलटी का चालवताय?"

सलीमभाईंनी सलाम ठोकला. "गाडी सीधीच है साब. हम उलटे बैठे हैं."

हवालदार विचारात पडला, तेवढ्यात आम्ही सटकलो.

गल्लीत शिरलो तेव्हा घराघरांवर गुढ्या उभ्या होत्या आणि सगळी गल्ली बाहेर आली होती. गाडी मागच्या बाजूनं हळूहळू दारापाशी आली आणि थांबली. इंजिन चालू होतं. भाऊसाहेबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. खाली उतरायचं धाडसच होईना.

भंगारवाला पुढं झाला. त्यानं डिकीवर हात ठेवला. "वहिनी, घेऊ का उचलून?"

वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन पायरी उतरल्या. गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग डिकीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

"हात काढा भाऊ. इतक्या वर्षांनी घरी आली, तोंड दाखवायची लाज वाटती तिला. आधी आत तर येऊ द्या!"