गाडीचा नारळ

जळकोटात आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारे एक मामा आहेत. त्यांच्या कपाळावर विभूती किती आणि पीठ किती, हे मला अजून कळलेलं नाही. रोज सकाळी गिरणी चालू करण्याआधी ते महादेवाच्या फोटोपुढं उभं राहून आभार मानतात, तेही गिरणीच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या आवाजात.

"महादेवा, रात्री लई गाढ झोप लागली. पोट साफ झालं. पाठीला खाज सुटली, तर हात पोचला!"

दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावतात. मी मात्र हात जोडून उभा असतो, कारण महादेवाकडं माझं मागणंच अजून संपलेलं नसतं.

परवा शेजारच्या अण्णांनी नवी गाडी आणली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडायचा मान मामांना दिला. मामांनी डोळे मिटले.

"महादेवा, ह्या अण्णाचं हसू चार घरं ऐकू जातंय. लई उपकार हाईत तुझे. तेवढं असंच राहू दे."

आणि नारळ फोडला.

अण्णांचं तोंड उतरलं. "मामा, गाडीचं बी बोला की काहीतरी!"

मामांनी गाडीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "गाडी शोरूमवाल्यानं दिली न्हाई का? त्याला फोन कर."

अण्णा आधी चिडले, मग असे हसत सुटले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

मामांनी आभाळाकडे पाहून हात जोडले आणि ओरडून कळवलं, "हसू चालू हाय, महादेवा!"