गढगंगेची ओटी

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला स्वतःलाच सांगता आलं नसतं, अशा दिवसांतली ही गोष्ट आहे. माझी लेक मुग्धा गुरुग्रामला एका उंच सोसायटीत राहते. दोनदा तिच्या घरी पाळणा हलायचा राहिला होता. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही. झालं! दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की तिच्याकडे जायची, तिला चार घास भरवायची आणि येताजाता मेट्रोत ओठांतल्या ओठांत देवाशी भांडायची. "दोन नेलीस ना? आता हे तरी राहू दे," असं मी त्याला अगदी दरडावून म्हणायची. समोर बसलेल्या बायका माझ्याकडे बघायच्या, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अशातच एके दिवशी मुग्धा म्हणाली, "आई, डोहाळजेवण वगैरे नको मला. तू फक्त माझी ओटी भर." माझ्या हातातला खिरीचा चमचा तसाच राहिला. मुग्धाचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. ते गेले तरी मी टिकली लावायची सोडली नाही. आमच्या ब्लॉकमधल्या मराठी बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, तेव्हा "गेलात उडत" म्हणून मी घरी बसून कांदाभजी तळून खाल्ली होती. अशी मी. पण पोटच्या पोरीचा प्रश्न आला आणि माझं सगळं शहाणपण कुठे पळालं कोण जाणे. उद्या काही वेडंवाकडं झालं, तर माझ्या हातचा गुण म्हणून लोक मला बोल लावतील, ही भीती नव्हती. लोकांच्या आधी मीच मला बोल लावला असता. मी म्हटलं, "माझ्या हातची नको गं. तुझ्या सासूबाई आल्या की त्या भरतील." मुग्धाने भिंतीकडे तोंड केलं आणि खीर तशीच राहिली.

रात्रभर मला ती तिची पाठ दिसत होती. शेवटी पुण्याला जाऊबाईंना फोन केला. त्यांनी तोडगा सांगितला, "पोरीच्या नावाने गंगेची ओटी भरून ये. पण तू स्वतः नको हं भरूस, एखाद्या सवाष्णीच्या हातून भरून घे. राग मानू नकोस." राग आलाच, पण गिळला. खण त्यांनीच कुरिअरने पाठवला. ऑफिसात आमचे एक सहकारी गढमुक्तेश्वरच्या बाजूचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हरिद्वार कशाला मॅडम, आमचं गढ आहे ना. छोटंसं जुनं गाव, पण गंगाजी तीच. आणि सगळं फ्री! घाटावर बसा, पाण्यात पाय सोडा, माशांना खाऊ घाला, संध्याकाळी आरती बघा. आणि जुन्या गंगामंदिराच्या पायऱ्यांवर खडा नक्की टाका, पाण्यात पडल्यासारखा आवाज येतो." जग इतकं महाग झालेलं असताना देव तेवढा फुकट, यावर माझा काही विश्वास बसला नाही. तरीही रविवारी सकाळी मेट्रोने आनंद विहार गाठलं आणि हापूडवरून जाणाऱ्या बसमध्ये बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

बसने गढ गावात सोडलं, म्हणून आधी त्या जुन्या मंदिराकडे गेले. टेकाडावर मंदिर आणि तिथून खाली उतरत गेलेल्या पायऱ्याच पायऱ्या. त्या उतरतात, उतरतात आणि कुठेच पोचत नाहीत. एके काळी गंगा तिथून वाहायची म्हणे. मग तिने आपली वाट बदलली आणि ती चार-पाच किलोमीटर लांब गेली. मी एक खडा उचलला आणि मनात म्हटलं, पाण्याचा आवाज आला तर सगळं ठीक होणार. टाकला. टक्! दगडावर दगड आपटतो, तेवढाच आवाज. पुन्हा टाकायचा धीर झाला नाही. नदी सोडून गेलेल्या त्या कोरड्या पायऱ्या बघून मला माझंच आयुष्य आठवलं आणि मी तिथून घाईघाईने निघाले.

ई-रिक्षाने ब्रजघाटला आले तेव्हा पाण्यावर धुकं होतं. लोक कुडकुडत डुबक्या मारत होते. पंडे मागे लागले, त्यांना मी माझ्या ऑफिसच्या हिंदीत असं काही सुनावलं की पुन्हा फिरकले नाहीत. मग सुरू झाला सवाष्णीचा शोध. काय सांगू, घाटावर इतक्या बायका, पण कुणाला जाऊन म्हणायचं, की बाई, तुमचा नवरा आहे ना, मग जरा इकडे या? मी नुसती हात बघत फिरत होते. शेवटी खालच्या पायरीवर बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकणारी एक बाई दिसली. माझ्याच वयाची, जाड शाल, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि दोन्ही हात भरून लाल काचेच्या बांगड्या. मला हायसं वाटलं.

मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांत समजावलं. आमच्यात नदीला आई मानतात, तिची ओटी भरतात, माझी लेक अशी अशी अंथरुणात आहे, ती येऊ शकत नाही, तुम्ही भराल का? तिला ओटी हा प्रकार काही ठाऊक नव्हता. पण लेकीचं ऐकल्यावर तिने हातातल्या गोळ्या खाली ठेवल्या, हात धुतले आणि म्हणाली, "बताओ दीदी, कैसे करना है?" मी सांगत गेले, ती करत गेली. हळदकुंकू वाहिलं, तांदळाच्या ओंजळी सोडल्या, खण-नारळ पाण्यात ठेवला. नारळ जरा घुटमळला आणि मग धुक्यात दिसेनासा झाला. तिने बिटियाचं नाव विचारलं आणि पाण्याकडे बघून ते मोठ्याने घेतलं. माझ्या मुग्धाचं नाव एका अनोळखी तोंडून ऐकलं आणि मला रडूच फुटलं.

तिला वाटलं, काहीतरी राहून गेलं. "और आपकी?" तिने विचारलं. मी नको नको म्हणेपर्यंत तिने माझा पदर धरून पुढे पसरला, स्वतःच्या पिशवीतले मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा त्यात घातला आणि माझ्या कपाळाला बोटभर हळद लावली. इतक्या वर्षांत माझी ओटी कुणी भरली नव्हती. मी तशीच पदर धरून उभी राहिले, मला हलताच येईना.

मग आम्ही दोघी पायरीवर बसून तोच गूळ खाल्ला. बोलायचं म्हणून मी विचारलं, घरी मालक काय करतात? ती अगदी सहज म्हणाली, "वो तो कब के चले गए, दीदी." माझी नजर तिच्या बांगड्यांवर गेली. तिच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "ये सास ने उतारने नहीं दीं. बोलीं, बेटा मेरा गया है, तेरे हाथ क्यों सूने हों?"

अगं बाई! ओटी तर वाहून गेली होती. आता काय गंगेला हाक मारून परत मागू? मी कशीबशी म्हटलं, "मैं भी विधवा हूँ." तिने नदीकडे हात केला. "तो? इन्होंने पूछा क्या?" असं म्हणून ती हसायलाच लागली. आधी मला तिचा संताप आला. मग कसं कोण जाणे, मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो, आणि समोर गंगा आपली वाहत होती, तिने काहीसुद्धा परत केलं नव्हतं.

परतीची बस धरायला पुन्हा गढला आले. वेळ होता, म्हणून त्या पायऱ्यांपाशी गेले. नदी सोडून गेली, तरी त्या पायऱ्यांना कुणी अशुभ म्हणत नाही. येणारा-जाणारा त्यांना हात लावून तो कपाळाला लावत होता. मी या वेळी खडा टाकला नाही. खूण मागायचं मनातच आलं नाही. शेवटच्या पायरीवर डोकं टेकलं आणि म्हटलं, माझं भांडण मी इथे ठेवून जाते, आता तुझं तू बघ.

तशीच गुरुग्रामला गेले. मुग्धा जागी होती. स्वयंपाकघरातून तांदूळ घेतले, नारळ नव्हता म्हणून फळांच्या टोपलीतलं एक डाळिंब घेतलं, आणि म्हटलं, "चल, पदर पुढे कर." बिचारीच्या अंगात टी-शर्ट, पदर कुठला? तिने पांघरुणाची चादरच पुढे पसरली. मी ओंजळभर तांदूळ ओतले आणि वर डाळिंब ठेवलं. "आता कशी भरलीस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "गंगेला चालली, तर तुला न चालायला तू कोण लागून गेलीस?"

बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. काही दिवस काचेच्या पेटीत होतं, आणि त्या दिवसांत मी कितीदा तरी घाबरले. ते डॉक्टरांच्या आणि नर्सबाईंच्या कष्टांनी वाचलं, हे मी जाणते. त्या ओटीने वाचवलं असं मी कुणाला सांगत नाही, आणि सांगणारही नाही. मला त्या घाटावर एवढंच मिळालं की जे माझ्या हातात नव्हतं, ते सोडून देता आलं, आणि जे होतं, ते करायला हात मोकळे झाले. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, याची रुखरुख आहे. पण तिचे ते लाल बांगड्यांचे हात मी रोज देवापुढे आठवते.

दवाखान्यातून घरी जायच्या दिवशी मुग्धा नात माझ्याकडे देताना म्हणाली, "आई, नीट धर." मी खुर्चीत बसले, नकळत पदर पसरला, आणि तिने मुलगी माझ्या ओटीत घातली.