टिंग आणि टाँगच्या मधे

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचत आलोय. लिहिलं कधीच नाही. आणि खोटं कशाला बोलू, वाचायचो तेही हसण्यासाठीच. आमचं घर बौद्ध. भूत, बाधा, अंगात येणं... हे शब्द बाबांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिले नाहीत. वस्तीत कोणा बाईच्या अंगात आलं की बाबा तिच्यासाठी साखर-मिठाचं पाणी घेऊन जायचे आणि म्हणायचे, "उपाशी राहून राहिली ते, दुसरं काही नाही." मी त्यांचाच मुलगा. आज वय त्रेपन्न, आणि भुतांवर आजही विश्वास नाही.

तरी लिहितोय. यातला घंटीचा भाग मला समजलेला नाही. दुसरा भाग मात्र पहिल्या दिवसापासून नीट समजलेला आहे, तोच कोणाला सांगितला नव्हता.

घर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेपासून थोडं आत. मी भंडाऱ्याला एका सरकारी ऑफिसात असतो. घरात मी आणि पत्नी अर्चना, मुलगी पुण्याला नोकरीला. मोठी बहीण — आमची ताई — अड्याळला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, आयुष्यभर वायरमनचं काम करत आले. या घराची सगळी वायरिंग त्यांच्या हातची. दारावरची घंटीही त्यांनीच बसवली होती. जुन्या पद्धतीची टिंगटाँग, पांढरा डबा, हॉलच्या भिंतीवर.

ती कशी वाजते ते सांगितलं पाहिजे. बाहेरचं बटण दाबलं की डब्यातला लोखंडी दांडा एका पट्टीवर आपटतो — टिंग. बोट उचललं की स्प्रिंगनं तो मागे येतो आणि दुसऱ्या पट्टीवर आपटतो — टाँग. आपण सगळे लगेच बोट उचलतो, म्हणून आवाज एकत्र येतो. भाऊजी बोट उचलायचे नाहीत. दाबून धरायचे, कान दाराशी लावायचे, मग सावकाश सोडायचे. टिंग... ... ... टाँग. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "टिंग आली का समजाचं, लाईन बराबर आहे. टाँग आली का समजाचं, स्प्रिंग बराबर आहे. दोन्ही अलग अलग ऐकाव लागते राजा." आणि दार उघडायच्या आत बाहेरून ओरडायचे, "जय भीम साहेब! उघडा, पोलीस आले!"

रिटायर झाल्यावर ते फार येऊ लागले. आठवड्यातून दोनदा, तीनदा. बसले की तीन-तीन तास. त्याच गोष्टी. मधेच उठून स्विचबोर्ड उघडायचे. मी कंटाळलो होतो. हे वाक्य लिहायला मला एक वर्ष लागलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलीनं पुण्याहून व्हिडिओ डोअरबेल पाठवली. दारात कोण आहे ते मोबाईलवर दिसतं, मोबाईलवरूनच बोलता येतं. सगळ्यांना मी सांगितलं, सेफ्टीसाठी लावली. खरं कारण — दार उघडायचं की नाही ते आधी ठरवता यावं. बसवणाऱ्या माणसानं जुनं बटण काढलं, वायरी टेप लावून भोकात ढकलल्या आणि नवीन बेल त्यावर चिकटवली. सोबत एक प्लगमध्ये लावायची वायरलेस घंटी आली होती. ती चिमण्यांच्या आवाजात वाजते. भिंतीवरचा डबा तसाच राहिला, कारण त्याच्यामागे रंग वेगळा होता.

भाऊजींना ते लागलं. "काहून बे विलास, चांगल्या घंटीले मुकी करून टाकली?"

मी टाळायला म्हणालो, "ती यावर चालत नाही ना भाऊजी. व्होल्टेज जमत नाही म्हणे. चालली असती तर तीच ठेवली असती."

ते डब्याकडे पाहत राहिले.

आता तो दिवस. मे महिना. अर्चना नागपूरला माहेरी गेलेली, संध्याकाळी येणार होती. माझं डोकं दुखत होतं म्हणून हाफ डे टाकून घरी आलो. कोणाला कळवलं नाही. कूलर लावून आडवा झालो तर चिमण्या वाजल्या. मोबाईलवर पाहिलं — भाऊजी. डोक्याला दुपट्टा, हातात कापडी थैली. दोन वाजून चाळीस मिनिटं.

मी आतल्या खोलीत, पलंगावर. आमच्यात दोन भिंती. मी मोबाईलवरचं बटण दाबलं आणि म्हणालो, "भाऊजी, मी ऑफिसात आहे. अर्चना नागपूरले गेली. घरी कोणी नाही."

आवाज कुठून आला म्हणून ते आधी वर बघू लागले. मग हसले. "अरे वा! भंडाऱ्यातून बोलून राहिला काय?" मग त्यांची नजर दाराच्या कडीवर गेली. कडीला कुलूप नव्हतं. मग खिडकीकडे गेली, तिथे कूलर चालू होता. स्क्रीनवर मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता आणि त्यावरचं काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं.

"कूलर चालू राहून गेला तुमचा," ते म्हणाले. "पाणी सरलं तर मोटर जळंल."

"राहू द्या भाऊजी."

"राहू द्या कायले? दोन बादल्या टाकून देतो."

ते स्क्रीनच्या बाहेर गेले. फाटकाजवळच्या नळाचा आवाज आला. मग खिडकीपलीकडे, माझ्या डोक्यापासून सहा-सात फुटांवर, कूलरमध्ये पाणी पडल्याचा आवाज. एक बादली. थोड्या वेळानं दुसरी. मी श्वास रोखून पडलेलो. मग चपलांचा आवाज, फाटकाची कडी.

बसची वाट बघत ते हायवेच्या स्टॉपवर बसले आणि तिथेच कोसळले. ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ताईला मी सांगितलं, मी ऑफिसात होतो, घर बंद होतं. मोबाईलमधली ती क्लिप मी त्याच संध्याकाळी डिलीट केली. अर्चना आली तेव्हा तिनं कूलर काठोकाठ भरलेला पाहिला. "सकाळी तुम्ही भरून गेले होते?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा."

भाऊजींचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झालं, लोक पांगले. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, आम्ही दोघं हॉलमध्ये बसलेलो. भिंतीवरचा डबा वाजला.

टिंग.

आणि मग काहीच नाही. चार-पाच सेकंद. मग — टाँग.

"बघा कोण आहे," अर्चना सवयीनं म्हणाली. मग थांबली. "ही तर बंद आहे ना?"

मी मोबाईल बघितला. नोटिफिकेशन नाही, कॅमेऱ्यात हालचाल नाही. दार उघडलं तर अंगणात नुसतं ऊन. घड्याळात दोन चाळीस.

"भाऊजींसारखीच वाजली," अर्चना म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिलं... गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

खरं सांगतो, मला भीती नाही वाटली. संशय आला. पहिला डोक्यात आलेला विचार — हिला माहीत आहे. कूलरवरून हिनं ओळखलं आणि आता माझी परीक्षा घेऊन राहिली. कुठेतरी मोबाईल लपवून आवाज लावला असेल. ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिचा मोबाईल तपासला. सोफ्याखाली, टीव्हीमागे, कुंडीत हात घालून पाहिलं. किराण्याच्या याद्या आणि धूळ, याशिवाय काही सापडलं नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा. दोन चाळीस, टिंग, थांबणं, टाँग. तेव्हा तर वीज गेलेली होती. मी ऑफिसात असलो की वाजायची नाही, अर्चनाला रोज फोन करून विचारायचो. मी घरी असलो की वाजायची. म्हणजे ज्याला माझं वेळापत्रक माहीत आहे असं कोणीतरी. मग माझा संशय प्रशांतवर गेला. प्रशांत भाऊजींचा मुलगा, अड्याळला इलेक्ट्रिकचं दुकान चालवतो. पुण्यानुमोदनाच्या आधी एकदा येऊन हॉलमध्ये एकटा बसून गेला होता. रिमोटवर चालणारं काहीतरी डब्यात बसवणं त्याला काय अवघड?

मी त्याला बोलावून घेतलं आणि तोंडावर विचारलं, "तूच काही बसवलं ना यात?"

तो स्टूलवर चढला, चार स्क्रू काढले आणि डबा माझ्या हातात दिला. "घ्या मामाजी. शोधा."

आत दांडा, स्प्रिंग, तांब्याच्या तारेचं वेटोळं. बाकी काही नाही. वायरीला टेस्टर लावला, पेटला नाही. वायरी पूर्ण मेलेल्या.

"हायवेवरच्या ट्रकच्या हादऱ्यानं वाजत असंल," मी म्हणालो.

"हादऱ्यानं वाजंल तर खुळखुळ वाजंल ना. टिंग करून धरून कायले ठेवंल?" त्यानं दांडा बोटानं आत दाबला. टिंग. धरून ठेवला, मग सोडला. टाँग. "असं कोणीतरी धराव लागते. अन् तुमची नवीन बेल जोडली असती तरी असं झालं नसतं. तिचं बटण कितीही वेळ दाबा, ते एकच झटका पाठवते."

निघताना त्यानं कापडी थैली पुढे केली. मी ओळखली. "हे तुमचंच आहे. आई म्हणे देऊन ये."

थैलीत एक लहान ट्रान्सफॉर्मर, एक रिले, लाल-काळ्या वायरीचं बंडल. आणि बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर भाऊजींच्या अक्षरात काढलेली आकृती — नवीन बेलला जुनी घंटी कशी जोडायची. वर लिहिलं होतं, 'विलासची बेल'.

"नागपूरवरून मागवलं होतं बाबानं," प्रशांत म्हणाला. "दुकानात बसून दोन दिवस जोडून पाहून राहिला होता. त्या दिवशी तुमची घंटी चालू करून द्याले आला होता तो."

प्रशांतवर मी घेतलेल्या संशयाबद्दल मी त्याची माफीही मागितली नाही.

डबा टीव्हीजवळच्या टेबलावर पडून राहिला. फेकायची हिंमत झाली नाही, परत लावायचीही नाही. महिनाभर तो गप्प होता. मला वाटलं, संपलं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दुपारी चिमण्या वाजल्या. सवयीनं मोबाईल पाहिला. ताई. भाऊजी जिथे उभे होते अगदी तिथेच, थेट कॅमेऱ्यात बघत. माझा अंगठा त्या बोलायच्या बटणावर गेला होता, हे मी इथे लिहून ठेवतो. मग उठलो आणि दार उघडलं.

"किती वेळ लावतं रे," म्हणत ती आत आली. अर्चनानं पाणी दिलं. प्रशांतच्या सोयरिकीचं बोलत बसली. मी घड्याळाकडे पाहत नव्हतो. तरी मला कळलं.

टिंग.

टेबलावरचा डबा. वायरी लोंबत होत्या, कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ताईचं बोलणं थांबलं. ती डब्याकडे पाहत राहिली. घाबरली नाही.

"त्यायचं असंच राहे," ती हळू म्हणाली. "बोट नाही सोडत होते लवकर."

आम्ही तिघंही वाट पाहत होतो. पाच सेकंद झाले. दहा झाले. मिनिट झालं. टाँग येत नव्हती. मी वाकून पाहिलं. दांडा एका बाजूला चिकटलेला, स्प्रिंग पूर्ण ताणलेली.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी घरातच होतो."

सगळं सांगितलं. हाफ डे, मोबाईल, खोटं, बादल्या. अर्चना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ताईनं विचारलं, "दाराले कुलूप नव्हतं?"

"नव्हतं."

"अन् कूलर चालू?"

"हो."

"मंग त्यायले समजलं," ताई म्हणाली. "वायरमन होते ते."

मग तिचा आवाज बदलला. "नळावर पाणी पेले काय रे त्यायनं? बादल्या भरल्या तं पेलेच असंल ना घोटभर?"

"कॅमेऱ्यात नळ दिसत नाही ताई."

"आवाज तं आला असंल त्याच्यात?"

"मी... क्लिप डिलीट केली."

ती उठली. डबा उचलला, पदरात गुंडाळला. बसस्टॉपपर्यंत सोडायला मी निघालो तर नुसता हात वर करून थांबवलं. तोपर्यंत टाँग आली नव्हती.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "वाजली."

"काय?"

"टाँग. एवढीच. फळीवर ठेवला होता डबा, मी तांदूळ निवडून राहिली होती." थोडं थांबली. "ठेवते."

त्यानंतर डबा तिच्याकडेही वाजलेला नाही. ताई माझ्या घरी आलेली नाही. मी अड्याळला गेलो की चहा देते, आणि मी मागायच्या आधी पाण्याचा तांब्या समोर ठेवते.

वीज नसताना, भिंत नसताना तो दांडा कोणी धरला आणि अड्याळला कोणी सोडला, हे मला सांगता येत नाही. प्रशांत म्हणतो, स्प्रिंग गंजली असेल. असेलही. तुमच्यापैकी कोणाला इलेक्ट्रिकचं कळत असेल तर जरूर लिहा. पण माझं डोकं तिथे अडकलेलं नाही. ते अडकलंय दोन बादल्यांच्या मधे — पहिली ओतल्यावर ते नळाशी परत गेले, आणि दुसरी भरेपर्यंत जरा जास्तच वेळ लागला. मी आतून ऐकत होतो. तेव्हा मनात म्हणत होतो, किती वेळ लावून राहिले, जा ना आता.

तेवढ्या वेळात ते पाणी प्यायले असतील. मी ताईला तसं सांगितलं नाही. खात्रीनं सांगता येईल असं माझ्याकडे काही उरलेलं नाही.