माझ्या खिडकीतला शेजारणीचा फोन

मुकुंदवाडी स्टेशनापलीकडे मोबाईलचा मोठा टॉवर आहे. आमच्या गल्लीत तीन मजली इमारत झाली आणि तिच्या आड गेलेल्या घरांतली रेंज गेली. माझे घर इमारतीच्या अलीकडे, टॉवरच्या बाजूला; शेजारणीचे वळणापलीकडे, इमारतीच्या आड. ती शिवणकाम करते, एकटी राहते. मुलगी परभणीला दिलेली, पहिलटकरीण. तिचा फोन चुकू नये म्हणून शेजारीण आपला मोबाईल कापडी पिशवीत घालून माझ्या खिडकीच्या गजाला अडकवून जाई. वाजला की मी हाक मारीत असे.

बोलायचे मात्र खिडकीशीच उभे राहून. घराकडे निघाले की वळणावरच्या कडुलिंबापाशी आवाज तुटत असे. परक्या पुरुषाच्या खिडकीशी उभे राहून लेकीशी काय बोलणार? जेवलीस का, डॉक्टर काय म्हणाले, एवढेच. एकदा पलीकडचे रडणे मला खुर्चीपर्यंत ऐकू आले. शेजारीण नुसते "हां बेटा, हां" म्हणत राहिली.

त्यानंतर लेकीचा फोन आला की मी आतल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करू लागलो.

"काका, वावर कधीच विकलं अन् कापसाचा भाव अजून ऐकताय व्हय?" शेजारणीने एकदा विचारले.

"सवय आहे."

"इतक्या जोरात? कान गेले का?"

"गेले असतील."

तरीही ती कुजबुजतच बोले. लेकीचे दिवस भरत आले होते.

मग एक तंत्रज्ञ आला आणि वळणावरच्या दिव्याच्या खांबावर शिडी लावून एक छोटा डबा बसवू लागला. मी चौकशी केली.

"मोठा टॉवर लांबवर पोचतो, पण इमारतीच्या आड त्याची सावली पडते. त्या सावलीसाठी हा छोटा."

"चालता चालता फोन तुटणार. एकाची रेंज संपली, दुसऱ्याची सुरू."

"नाय तुटत. मोठा लहानाच्या हाती सोपवतो, बोलणाऱ्याला कळत पण नाय."

शेजारणीला सांगितले. "शिडीवरून सगळे असंच बोलतात," ती म्हणाली. पिशवी खिडकीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. हाक मारली, आत जाऊन रेडिओ लावला. आतून खिडकी दिसते. शेजारीण बराच वेळ ऐकत होती. मग तिने एकदा माझ्या दाराकडे पाहिले आणि फोन कानाला धरून चालू लागली. कडुलिंबापाशी थबकली. एक पाऊल टाकले, पुन्हा थांबली.

"येतंय का ऐकू?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रेडिओतूनही मला कळले. "मग बोल. रडायचं तर रड. आता मी घरी चालले, कोणी नाय इथं."

ती वळणाआड गेली. थोड्या वेळाने तिचे दार जोरात लागल्याचा आवाज आला.

मी रेडिओ बंद केला.