वळणावरच्या डहाळ्या

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाणाऱ्या बसवर मी कंडक्टर आहे. लोक म्हणतात, "मॅडम, मजा हाये तुमची. रोज जंगल, रोज जनावरं." जनावरं रोज दिसतात हे खरं, पण बहुतेक आडवी झालेली. कोल्हा, ससा, रानमांजर, एखादं डुकराचं पिल्लू. सकाळच्या फेरीला काय होतं ते ओळखू येतं, परतताना नुसतं कातडं असतं आणि दुसऱ्या दिवशी डांबरावर डाग. मोहर्लीला जंगल सफारीला जायचं, पैसे मोजायचे, गाईडच्या मिनतवाऱ्या करून चितळं बघायची आणि घरी जाताना तीच उडवायची, अशी माणसाची तऱ्हा. आधी मी भामरागडच्या गाडीवर होते. तिथे पुरानं रस्ता तुटला की माणसांचे हाल कुत्रं खात नाही. पण मला मनातून वाटायचं, चला, जनावरांना तेवढेच दिवस बरे.

दया करणारेही बघितले आहेत. शनिवारी मारुतीच्या नावानं काही मंडळी गाडी थांबवून रस्त्यावरच चणे आणि केळी टाकतात. माकडं पोरंबाळं घेऊन डांबरावर येऊन बसतात. टाकणारा पुण्य घेऊन निघून जातो, मागून ट्रक येतो. असलं पुण्य करण्यापेक्षा घरी झोपून राहा म्हणावं.

माझ्या गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांना मी भाऊ म्हणायचे. निवृत्तीला आलेले, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं तिरसट. प्रवाशांशी त्यांचं कधी जमलं नाही. पण रस्त्यात काही हललं की यांचा पाय ब्रेकवर गेलाच. एकदा केळझरच्या अलीकडे भलामोठा अजगर रस्ता ओलांडत होता. अजगराची चाल ती, त्याला कुठली घाई. समोरून कोळशाचे ट्रक येत होते. भाऊंनी बसच रस्त्यात आडवी लावली आणि खाली उतरून चाकाला टेकून उभे राहिले. दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. एक ट्रकवाला शिव्या देत चालत आला.

"काऊन बे, रस्ता तुह्या बापाचा हाये का?"

"माह्या नाई," भाऊ अजगराकडे हात करून म्हणाले, "याच्या बापाचा हाये."

अजगर गवतात गेला, मग बस सरळ झाली. गाडीतले निम्मे लोक त्यांना बह्याड, म्हणजे खुळा, म्हणत होते आणि उरलेले मोबाइलवर शूटिंग करत होते. मला त्या माणसाचा तेव्हा अभिमान वाटला. उशिराबद्दल डेपोत मला बोलणी बसली तरी वाटला.

याच रस्त्यावर जंगलात डहाळ्यांचा एक ढीग होता. आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागेवरून येणारा-जाणारा एक डहाळी टाकतो. कोणी दगड टाकतं. ओळखीचा असो नसो, टाकायची. वाळलेल्या डहाळ्यांवर हिरवी पडत राहते, ढीग वाढत जातो. तो ढीग एका बाईचा होता. मोहफुलं वेचायला पहाटे गेली होती, परत आली नाही. तिची जाऊ दर बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीनं पळसाच्या पत्रावळी विकायला चंद्रपूरला यायची. म्हातारी, हाडं वर आलेली, बोलण्यात मधेच गोंडी शब्द. टोपल्यात पत्रावळींवर एक ताजी डहाळी ठेवलेली असायची. ढीग जवळ आला की ती उभी राहायची, भाऊ न सांगता गाडी हळू करायचे आणि ती खिडकीतून डहाळी टाकायची. मग बसून म्हणायची, "झालं बापा, चाल आता." कोणाची तक्रार नसायची. मेलेल्या माणसाचं काम आहे म्हटल्यावर कोण बोलणार?

त्या सकाळीही तसंच झालं. म्हातारीनं डहाळी टाकली, भाऊंनी वेग घेतला. ती अजून बसायची होती. पुढच्याच वळणावर चितळांचा कळप डावीकडून एकदम रस्त्यावर आला. सगळ्यांत शेवटी एक मादी होती, पोट चांगलं खाली आलेलं, तिला उडी झेपत नव्हती. भाऊंनी करकचून ब्रेक दाबला. मादी वाचली. म्हातारी मात्र पुढे फेकली जाऊन बॉनेटच्या लोखंडी दांडीवर पडली आणि मनगट मोडलं. एका साहेबी कपड्यांतल्या माणसाचा ओठ फुटला, मोबाइलची काच गेली. बाकीच्यांना मुका मार.

ओठ फुटलेल्या माणसानं तक्रार केली. ड्रायव्हर झोपेत होता, रस्त्यावर काहीच नव्हतं, असं त्यानं सांगितलं. हे मी समजू शकते, तो मोबाइलमध्ये होता, त्याला दिसलं नसेल. पण त्याच्यामागे आणखी तिघांनी तेच सांगितलं आणि त्या तिघांना मी खिडकीतून माना बाहेर काढून "केवढा मोठा कळप" म्हणताना ऐकलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. भाऊंची नोकरी पणाला लागली. नोकरीची शेवटची थोडी वर्षं राहिली होती, घरी बायको आजारी होती, आणि झोपेत गाडी चालवली असं ठरलं असतं तर सगळी हयात मातीत गेली असती.

मी डेपोच्या साहेबांना सांगितलं, कळप होता. ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच गाडीवरच्या, तुम्ही तसंच सांगणार."

म्हातारीला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली. हात गळ्यात बांधलेला, पायात चप्पल नाही. साहेबांच्या टेबलासमोर खालीच बसली.

"कळप होता," ती म्हणाली. "मागची हरणी पोटुशी होती. म्या पाह्यली. तो थांबला नसता त दोन जीव गेले असते."

"पण आजी, तुमचा हात मोडला ना?"

"मोडला त मोडला. हात जुडते, साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना हसू आलं, मग त्यांनी भाऊंना आत घेतलं. बाहेर आल्यावर भाऊंनी मला सांगितलं ते एवढंच. झोपेचा ठपका काढला होता. पण साहेब म्हणाले होते, गाडीत माणसं असतात, जनावर तिकीट काढत नाही. पुढे आलंच तर भोंगा द्यायचा आणि सरळ घ्यायचं. पुन्हा ब्रेकनं कोणी पडलं तर घरी बसावं लागेल. आणि साहेबांचं म्हणणं चूक होतं असंही मला छातीठोक म्हणता येत नाही, हाच माझा खरा राग आहे. भरलेल्या गाडीत कोणाचं म्हातारं, कोणाचं तान्हं असतं. म्हातारीचं मनगट जुळलं, पण वाकडंच. पत्रावळी टाचताना काडी बोटातून सुटायची.

त्यानंतर भाऊ बदलले. तिरसट बोलणंही बंद झालं. ढिगाजवळ गाडी हळू करायचे, पण म्हातारी बसल्याशिवाय पुढे घ्यायचे नाहीत. बाकी रस्त्यावर सरळ बघत गाडी हाणायचे. गाडी वेळेवर पोचू लागली. प्रवासी खूश. "भाऊ आता सुधरले," असं एक मास्तर रोज म्हणायचे. मला त्या मास्तरांच्या हातात तिकीट द्यायचाही कंटाळा यायचा.

मग थंडीचे दिवस आले. दिवस मावळायला थोडा वेळ होता. गाडी खच्चून भरलेली. गडचिरोलीहून पुढे वडशाकडे रात्रभराच्या नाटकाला जाणारी मंडळी होती, ब्लँकेटं काखेत, पुढची गाडी चुकेल म्हणून सारखी घड्याळं बघत होती. बाजाराचा दिवस, म्हणून म्हातारीही होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर. उभ्या बायकांमध्ये एकीच्या कडेवर लेकरू होतं.

त्याच वळणावर मादी उभी होती. तीच असेल असं मी म्हणत नाही, पण हीसुद्धा पोटुशीच होती. रस्त्याच्या मधोमध, मान आमच्याकडे वळवून. भाऊंनी लांबून भोंगा दिला. ती हलली नाही. पुन्हा दिला. मी त्यांच्या मागेच होते. मला त्यांचा पाय दिसत होता. पाय ब्रेकवर गेला, आरशात त्यांनी मागची उभी माणसं बघितली, लेकरू बघितलं, आणि पाय उचलला.

धक्का फार मोठा नव्हता. मागच्या लोकांना खड्डा वाटला असेल.

भाऊंनी गाडी हळूहळू कडेला घेतली, कोणी पडणार नाही अशा बेतानं, आणि उतरून मागे चालू लागले. मी उतरले, माझ्यामागे म्हातारी. मादी जिवंत होती. मागचं सगळं अंग निकामी झालेलं, पुढच्या पायांनी उठू बघत होती. पोटात पिल्लू हलताना वरून दिसत होतं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. पाच-सहा प्रवासीही आले. एकानं भला विचार करून बाटलीतलं पाणी तिच्या तोंडात ओतलं, मरणाऱ्या माणसाला देतात तसं. ते तिच्या घशात अडकलं, नाकातून फेस आला. त्याचा हात भाऊंनी धरून बाजूला केला. दुसरा एक म्हणाला, "पोत्यात भरा ना, नाटकावाल्याईले मटण होईल." त्यावर तिथे उभी असलेली चांगली घरंदाज माणसं हसली.

भाऊ रस्त्यावर बसले आणि मादीच्या डोळ्यांवर हात ठेवून तसेच राहिले. तिकडे गाडीत कोणीतरी ड्रायव्हरच्या जागेवर चढून भोंगा वाजवायला लागलं. थांबून थांबून, लांबच लांब. हॉटेलात वेटरला बोलवावं तसं. ती मेली तेव्हाही भोंगा चालूच होता. तिच्यानंतरही पोट थोडा वेळ हलत राहिलं, आणि मग तेही थांबलं.

भाऊ रडले. बायकोच्या आजारपणात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. "म्या आरशात नसतं पाह्यलं त पाय नसता उचलला," एवढंच ते म्हणाले. मीही ते लेकरू बघितलं होतं.

आम्ही तिला ओढून कडेला घेतलं. म्हातारीनं वाकड्या हातानं ऐनाची डहाळी मोडायचा प्रयत्न केला, मोडेना, मग मी मोडून दिली. तिनं ती मादीवर ठेवली. जनावरासाठी कोणी डहाळी टाकल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"चालते का हे?" मी विचारलं.

"जाऊले वाघानं मारलं तिले टाकतो," ती म्हणाली. "हिले आपण मारलं. हिले नाई टाकाव का?"

मग मी एक टाकली. भाऊंनी एक टाकली. फॉरेस्टच्या माणसाला फोन करून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी फॉरेस्टवाले मादीला घेऊन गेले होते. डहाळ्या मात्र तिथेच होत्या. म्हातारी आता टोपल्यात दोन डहाळ्या आणायची, एक जावेच्या ढिगावर, दुसरी या वळणावर. तिचं बघून आणखी कोणी टाकली. मोटारसायकलवाले टाकू लागले, सायकलवरची पोरं टाकू लागली. महिन्या-दोन महिन्यांत चांगला कमरेएवढा ढीग झाला. त्याच्या खाली काहीच नाही, हे आम्ही तिघं आणि फॉरेस्टवाले सोडले तर कोणाच्या लक्षातही नाही. सगळ्यांना वाटतं, इथे माणूस मेला. कोळशाचे ट्रक तिथे हळू होतात. ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा हात कपाळाला लावतात. कडेला चितळं चरत असली तरी त्यांना कोणी भोंगा देत नाही. वर्षानुवर्षं पाट्या लावून झालं नाही ते तिथे झालं, कारण लोकांना ती जागा माणसाची वाटते. खरं सांगितलं तर उद्याच ढिगावर गुटख्याच्या पुड्या पडतील. म्हणून मी सांगत नाही.

भाऊंनी त्या फेरीनंतर स्टिअरिंग धरलं नाही. डेपोतच टायरकडे काम मागून घेतलं. भेटले की खर्रा पुढे करतात, मी घेत नाही. रस्त्याची गोष्ट आम्ही काढत नाही.

परवा एक नवा प्रवासी पुढच्या सीटवर होता. नव्या ड्रायव्हरनं वळणावर गाडी हळू केली तशी त्यानं खिडकीतून वाकून ढीग पाहिला आणि हात जोडले.

"कोण होतं बाई इथी?"

"बाईमाणूस होती," मी म्हणाले. "पोटुशी."

"अरेरे. वाघानं नेलं?"

"नाई. गाडीनं."

तो हळहळला. बराच वेळ मान हलवत राहिला. मग त्यानं विचारलं, "मंग त्या ड्रायव्हरले काही झालं का नाई?"

"झालं ना," मी सांगितलं. "ती मरेपर्यंत तिच्यापाशी बसला, गाडीले उशीर झाला. त्याची बोलणी खाल्ली त्यानं."