गायत्रीचं पॅकिंग

गायत्री माझी धाकटी बहीण. आमच्या नवागामात तिच्यासारखी दुसरी नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. मी सातवी शिकलो, पण कापड विणायच्या लूमच्या खात्यात कारागिरांवर मास्तर आहे. पोरीला मीच शिकवलं.

दिवसा ती ऑफिसात जाते. घरी आली की फॉन्ट पॅक करते. फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटरातल्या अक्षरांचं वळण. लिनक्स नावाची सिस्टिम जगातले लोक मिळून बनवतात, फुकट वाटतात. कोणी नवा फॉन्ट काढला की ही तपासते, वाटायची परवानगी आहे का बघते, मग सिस्टिममध्ये बसेल असा बांधून देते. आपला मराठीचा ल पाकळीचा, हिंदीचा दांडीचा. मराठीत दांडीचा उमटला तर ही पॅकेज पुढं जाऊ देत नाही. मग समोर कोणी का असेना.

रविवारी कोसाडहून चेतनचं स्थळ आलं. सोबत त्याचा मामा किसन. मी छाती फुगवून सांगितलं, "आमची गायत्री पॅकिंग करते."

मामानं कप खाली ठेवला. "आमच्या घरच्या बाया कापड मार्केटात साड्या पॅक करायला जात नाहीत. लग्नानंतर बंद करावं लागेल."

"साड्या नाही हो, फॉन्ट."

"ती कोणती क्वालिटी? जॉर्जेटमध्ये येते का?"

मी सगळं समजावलं. त्यानं एवढंच विचारलं, "पगार?"

"त्याचा पगार नसतो."

"मग मार्केट बरं. तिथं साडीमागं काही देतात तरी."

चेतन खाली मान घालून मोबाइल बघत होता. मी म्हटलं, "मामा, तुमचं डोकं घडी घालून ठेवलंय, कोणी उघडलंच नाही. उठा आता."

ते गेले. आई माझ्यावरच उखडली, "तुनं तोंडले कुलूप शे का नई?"

गायत्री म्हणाली, "भाऊ, लग्न माझं होतं. मला विचारायचं तरी."

"तुझ्यासाठीच बोललो."

"माझ्यासाठी मला बोलता येतं."

रात्री ती दार लावून फॉन्ट बांधत बसली. मीही तिला मनवायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना तिनं आमच्या सगळ्यांसमोर स्पीकरवर चेतनला फोन लावला. "मी हे काम सोडणार नाही. चालेल की नाही ते तुम्ही सांगा, मामांनी नाही."

तिकडून आवाज आला, "मामांना विचारून कळवतो."

"मग राहू द्या," ती म्हणाली, फोन पर्समध्ये टाकला आणि जिना उतरून गेली.