पुन्हाकाका आणि दुपारची लाईट

पुन्हाकाकांकडे कसलीही तक्रार नेली की ते आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि मग अगदी शांतपणे म्हणायचे, "पुन्हा करून दाखवा." माउस अडकतो म्हटलं तरी हेच, दाराची कडी लागत नाही म्हटलं तरी हेच. एकदा माझी दाढ ठणकत होती, मी गाल धरून काउंटरवर बसले होते, तर म्हणाले, "ताई, कशावर चावलं की दुखतं? पुन्हा चावून दाखवा बरं." मी म्हटलं, "काका, तुमच्या हाताला चावू का?" त्यावर हसायचं सोडून त्यांनी क्षणभर खरंच विचार केला. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते लाईटबिलावर तेवढं उरलं होतं. आमच्या गल्लीत ते पुन्हाकाकाच.

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत तेव्हा माझं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या फळ्या लावून केलेल्या खोपट्या, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत मी, सगळ्यांवर डोळे वटारून बसलेली. नवरा अंबडला कंपनीत, त्यामुळे दुकानाची झाशीची राणी मीच. पोरं चॅटिंगला यायची, पोरी फॉर्म भरायला यायच्या, आणि एक दिवस काका रिक्षातून स्वतःचा कॉम्प्युटर घेऊनच उतरले. पडदा मांडीवर आणि डबा पायाशी. म्हणाले, "कोपरा द्या एक. घरी मला करमत नाही आणि यालाही." काकू जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सातपूरच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्ती पुढे केली, ती त्यांनी घेतली होती. काय बोलणार? दिला कोपरा.

कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. तयार माल तपासायचा, खोट सापडली की नापास करायचा. आता निवृत्त होऊन तेच काम ते जगभरच्या लोकांसाठी फुकट करत होते. इंटरनेट बघायचा एक ब्राउझर होता. कुण्या एका शेटजीच्या मालकीचा नाही, देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून, पगाराशिवाय तो घडवत होती. काकांना प्रोग्रामिंगचं ओ की ठो येत नव्हतं. पण त्या ब्राउझरची रोज एक नवी कच्ची आवृत्ती निघायची, ती ते उतरवून घ्यायचे, वापरायचे आणि कुठे काय बिघडलं ते कळवायचे. त्या आवृत्तीला ते 'ताजा घाणा' म्हणत. सकाळी आल्या आल्या विचारणार, "ताई, नेट चालू आहे ना? बघू आजचा घाणा कसा पडलाय." मग थोड्या वेळाने कोपऱ्यातून आवाज यायचा, "आतून कच्चा आहे अजून."

मी एकदा न राहवून विचारलंच, "काका, ही लष्कराच्या भाकऱ्या भाजून तुम्हाला मिळतं तरी काय?" ते म्हणाले, "ताई, कंपनीत मी माल नापास केला की समोरचा माणूस कँटीनमध्ये तोंड फिरवून बसायचा. इथं खोट दाखवली की थँक यू म्हणतात." एवढं बोलून ते असे काही लाजले, की मला त्यांच्यासाठी चहा मागवावाच लागला.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. काय केलंत? काय झालं? काय व्हायला हवं होतं? या तिन्हींची उत्तरं दिल्याशिवाय ते ब्राउझरवाले तक्रार घेत नसत म्हणे. काकांनी ती रीत सगळ्या जगाला लावली. कळवणची एक मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरायला आली होती. भरत आणला आणि लाईट गेली. पोरगी रडकुंडीला आली. "सर, लय भरलं होतं हो. सगळं गेलं. आता नाय जमायचं मला." काका तिच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि अंधारात एकेक प्रश्न विचारत गेले. शेवटचा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "काय व्हायला पायजे होतं? मी नर्स व्हायला पायजे होतं." काका म्हणाले, "मग फॉर्म गेलाय. नर्स कुठं गेली? लाईट आली की पुन्हा." त्या पोरीने डोळे पुसले आणि लाईट येईपर्यंत हलली नाही.

हो, लाईट. ज्यांनी नाशिकचं तेव्हाचं भारनियमन भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ऐन दुपारी गल्लीतले सगळे आवाज एकदम बंद पडायचे. यूपीएस टीं टीं करत जीव सोडायचे, पडदे काळे व्हायचे, पंखा आळसावत आळसावत थांबायचा. पोरं वैतागून बाहेर जायची, पण काका उठत नसत. काळ्या पडद्यासमोर डोळे मिटून, बोटं कीबोर्डवर ठेवून बसून राहायचे. अर्धं शटर ओढलेलं असायचं, त्याखालून उन्हाची एक पट्टी फरशीवर यायची, शेजारच्या गच्चीवरचे पारवे घुमायचे. त्या अंधारात काका हळूच बोलायचे. "ब्राझीलची पोरगी आता उठली असेल. फिनलंडवाला जेवायला बसला असेल. तिकडे म्हणे बर्फात आवाजच येत नाही कशाचा." ही सगळी त्यांची ब्राउझरवाली मंडळी, एकालाही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी काउंटरवर डोकं टेकून ऐकत राहायची. सबंध पृथ्वी आमच्या गाळ्याभोवती सावकाश फिरतेय असं वाटायचं. खरं सांगते, इतकी छान झोप मला घरी कधी आली नाही.

पण एका दुपारच्या लाईटने त्यांचा घात केला. त्यांची एकुलती एक लेक मंजिरी न्यूझीलंडला होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि काका त्या लग्नाला गेले नाहीत. कंपनीत माल तपासत बसले. पुढे कित्येक वर्षं बापलेकीत अवाक्षर नव्हतं. आणि एके दिवशी तिचा ईमेल आला, 'बाबा, मला मुलगी झाली.' काका ते वाचून बाहेर जाऊन उभे राहिले, परत आले आणि उत्तर लिहायला बसले. दुसऱ्या दिवशीही लिहीतच होते. वेळापत्रकात त्या दुपारी आमचा नंबर नव्हता, तरी लाईट गेली. मी कोपऱ्याकडे बघितलं. काका काळ्या पडद्याकडे बघत होते. "गेलं," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पुन्हा लिहा ना." तर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, सगळं पुन्हा करता येतं. हे येत नाही." नंतर त्यांनी कितीदा तरी प्रयत्न केला, पण ते शब्द काही येईनात. शेवटी दोन ओळी पाठवल्या, 'बातमी समजली. आनंद झाला. काळजी घे.' पोरीला वाटलं, बाबा अजून तसेच कोरडे. तिचं उत्तर आलं नाही. मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी विजेच्या कचेरीला फोन करून मनसोक्त भांडले.

काकांनी भांडण नाही केलं, तक्रार नोंदवली. ब्राउझरमध्ये काही लिहीत असताना वीज गेली तर लिहिलेलं परत मिळालं पाहिजे, अशी. तिकडून उत्तर आलं, 'आमच्याकडे असं होत नाही.' होईल कसं? त्यांच्याकडे वीज जातच नव्हती. कुणी म्हणालं, चांगली बॅटरी घ्या. काकांनी पेपरमधलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून, स्कॅन करून पुरावा म्हणून जोडलं, तेही अख्खं मराठीत! फिनलंडवाल्याने विचारलं, "हे बसचं वेळापत्रक आहे का?" मी हसून हसून बेजार झाले. काका मात्र चष्मा पुसत होते. मग त्यांनी आपल्या कंपनीछाप इंग्रजीत लिहिलं, "महाशय, आपल्या माणसाला एक पत्र लिहायला घ्या. अगदी मनातलं. अर्धं झालं की उठून घराचा मेन स्विच बंद करा. मग मला सांगा काय झालं." म्हणजे जगाला म्हणायचे तेच त्यांनी फिनलंडला म्हटलं, पुन्हा करून दाखवा.

आणि त्या भल्या माणसाने केलं हो! त्याचं उत्तर काकांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने आईला लिहायला घेतलं होतं, मेन बंद केला, बायकोचा केक ओव्हनमध्ये बसला म्हणून तिने शिव्या घातल्या. खाली लिहिलं होतं, 'माझंही गेलं. आता समजलं. काम सुरू करतो.' काका मला त्या दिवशी मिसळ खायला घेऊन गेले आणि तर्रीने डोळ्यांत पाणी आलं असं म्हणाले.

पुढचे किती महिने मग आमच्या दुकानात धुमाकूळ होता म्हणून सांगू! ताजा घाणा आला की काका दोन ओळी लिहिणार आणि लाईट घालवून बघणार. मी म्हटलं, तुमच्या मशीनची पिन काढा ना. तर म्हणे, "पिन काढणं म्हणजे लाईट जाणं नव्हे. मोडेमही गेला पाहिजे, पंखाही गेला पाहिजे." गिऱ्हाईक नसलं की हळूच माझ्या मागच्या भिंतीपाशी येऊन मेन स्विच पाडायचे. मी किंचाळायची, "काका! त्या स्विचला हात लावलात तर बघा!" ते "हो हो" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खटॅक. एकदा माझ्या अर्ध्या प्रिंट मशीनमध्ये अडकल्या. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दिंडोरीच्या पुतण्याकडची द्राक्षं काउंटरवर ठेवून ते मुकाट कोपऱ्यात जाऊन बसले. द्राक्षं गोड होती, करते काय!

आणि मग ती दुपार आली. थंडी सरत आली होती. काका सकाळपासून मंजिरीला लिहीत होते, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. वेळापत्रकाप्रमाणे लाईट गेली. या वेळी ती त्यांनी घालवली नव्हती. ते डोळे मिटून बसले. ब्राझील नाही, फिनलंड नाही. लाईट आली, मशीन कुरकुरत सुरू झालं आणि पडद्यावर ब्राउझरने विचारलं, मघाचं परत आणू का? त्यांनी बटण दाबलं. मी उठून त्यांच्या मागे उभी होते. अख्खं पत्र आलं, शेवटचे दोन-चार शब्द तेवढे गळाले होते. मी टाळ्या वाजवल्या. काका मात्र ते पत्र वरपासून खालपर्यंत वाचत गेले, जसं काही दुसऱ्या कुणाचा माल तपासतायत. मग म्हणाले, "ताई, सगळं मी काय केलं आणि काय झालं तेच लिहिलंय. तिसरा प्रश्न राहिलाच." आणि परत आलेलं ते सगळं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं! मी "अहो अहो" करत राहिले. त्यांनी एकच ओळ लिहिली, 'मंजू, काय व्हायला हवं होतं ते तू सांग. मी ऐकतो.'

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर होतं. तेही एकच ओळ, 'बाबा, तुम्ही यायला हवं होतं. आता या.'

ते गेले. कॉम्प्युटर मलाच देऊन गेले. निघताना मी नमस्काराला वाकले तर म्हणाले, "कोपऱ्यातला पंखा कधीमधी अडकतो." मी रडत रडत म्हटलं, "पुन्हा करून दाखवा." पहिल्यांदाच ते खळखळून हसले.

सुरुवातीला ईमेल यायचे, मग कमी झाले. आणि काही वर्षांनी एक बाई लहान मुलीचा हात धरून दुकानात आली. तोवर भारनियमन संपत आलं होतं आणि कॅफेही. पोरांच्या हातात मोबाईल आले होते, मी झेरॉक्सवर दुकान रेटत होते. बाईने चष्मा काढून ओढणीला पुसला आणि मी काय ते ओळखलं. मंजिरी म्हणाली, "बाबा गेले. झोपेतच. तुमच्याबद्दल फार बोलायचे."

मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग तीच म्हणाली, "ताई, तिकडे लाईट कधी जात नाही. तर बाबा काय करायचे, दुपारी उठून घराचा मेन बंद करायचे. फ्रीज बंद, घड्याळं बंद. मी भडकले एकदा. विचारलं, काय चाललंय हे? तर म्हणाले, नाशिक पुन्हा करून बघतोय."

"जमायचं का?" मी विचारलं.

"म्हणायचे, अर्धंच होतं. अंधार होतो, पंखा थांबतो. पण ताईंचं ओरडणं येत नाही."

मी उठले. शटर अर्धं ओढलं. मागच्या भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच पाडला. खटॅक. पंखा सावकाश थांबला, फरशीवर उन्हाची पट्टी आली, पारवे ऐकू यायला लागले. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी जीव खाऊन ओरडले, "काका! त्या स्विचला हात लावलात तर बघा!"

मंजिरी ओंजळीत तोंड लपवून रडत होती. तिच्या मुलीला मराठी फारसं येत नसावं. ती आधी दचकली, मग अंधारात टाळ्या पिटत आजोबांकडून शिकलेला शब्द म्हणाली, "पुन्हा!"